डेक की केबिन

नाना गेले त्याच्या आदल्या दिवशी, एप्रिलातल्या एका शनिवारी, आमच्या घरात 'डेक की केबिन' या विषयावर शेवटची बैठक झाली आणि आधीच्या सगळ्या बैठकांप्रमाणे तीही निर्णयाशिवाय संपली.

बैठक गच्चीवर होती. आईनं ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे पापड, वाळत घातल्या होत्या आणि नाना टाकीच्या सावलीत, डोक्यावर ओला पंचा घेऊन, हातात काठी धरून कावळ्यांवर लक्ष ठेवत बसले होते. मांडीवर आगबोटीचं वेळापत्रक. सहा महिने खिशात राहून ते घडीवर फाटलं होतं आणि नानांनी त्याला मागून डिंकानं कागदाची पट्टी लावली होती. जळगावात एप्रिलच्या दुपारी गच्चीवर बसणारा माणूस एक तर वेडा असतो किंवा बिबड्या राखत असतो.

"रजनी," ते म्हणाले, "बुधवारपर्यंत मुंबईला कळवावं लागेल. मेअखेर बोट बंद होते. पुन्हा सुरू होईल ती पावसाळा संपल्यावर, तोवर मी रिटायर झालेला असेन आणि सवलत गेलेली असेल. मनातलं सांग. डेक की केबिन?"

"बघू," मी म्हटलं.

"बघू," नानाही म्हणाले, आणि काठी आपटून त्यांनी एक कावळा उडवला.

संध्याकाळी त्यांनी बिबड्या डब्यात भरल्या, मीठ जास्त झालंय की नाही यावरून आईशी थोडा वाद घातला, रेडिओवर बातम्या ऐकल्या आणि झोपले. रविवारी सकाळी नळाला पाणी आलं. पाणी भरायचं काम नानांचं. नळाखाली लावून ठेवलेली बादली भरून वाहायला लागली तरी ते उठले नाहीत, म्हणून आई त्यांना हाक मारायला गेली.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं बरंचसं हसण्यासारखं आहे आणि वाचताना कुणाची फसगत व्हायला नको.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते. मला पाण्याची भीती वाटते. नावड वेगळी आणि भीती वेगळी. विहिरीत डोकावलं की माझ्या तळपायातून काहीतरी निघून जातं. एसटी तापीच्या पुलावरून जाताना मी पिशवीत काहीतरी शोधायला लागते आणि पूल संपेपर्यंत ते सापडत नाही. यामागे काही घडलेलं आहे असंही नाही. लहानपणी बुडता बुडता वाचले असते तर भीतीला निदान काही प्रतिष्ठा असती. शिवाय ज्या गावात उन्हाळ्यात पाणी येण्याच्या वारावर घराचं वेळापत्रक ठरतं, तिथं राहून पाण्याला घाबरणं ही चैनच म्हणायची. मी सव्वीस वर्षांची, एम.ए. झालेली, वाचनालयात मानधनावर काम करणारी, आणि गल्लीत 'फार शहाणी मुलगी' म्हणून ओळखली जाणारी. 'मला पाण्याची भीती वाटते' हे वाक्य मी कुठल्या तोंडानं म्हणणार? ते मी आईला, मैत्रिणींना, कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. नानांना तर नाहीच.

नाना ज्या सरकारी खात्यात हेडक्लार्क होते त्याचं नाव सांगत नाही. त्या खात्यात त्यांची तेहतीस वर्षं गेली होती आणि तेहतीस वर्षांत त्यांनी प्रवास सवलत कधी घेतली नव्हती. राज्यात कुठंही, सहकुटुंब, नोकरीत एकदा. बाकीचे लोक महाबळेश्वरला जाऊन स्ट्रॉबेरी खाऊन आले होते. पंच्याऐंशीच्या दिवाळीनंतर नानांनी जाहीर केलं की आपण मालवणला जायचं आणि तेही मुंबईहून बोटीनं.

"समुद्र काठावरून काय बघायचा?" ते म्हणाले. "त्याच्यावरून जायचं."

सत्तावन्न वर्षांत त्यांनी समुद्र एकदाही पाहिला नव्हता. एकदा ऑफिसच्या कामासाठी मुंबईला गेले होते, पण काम लवकर संपलं म्हणून गाडी पकडून परत आले. "समुद्र कुठं पळून जातो?" असं तेव्हा म्हणाले होते म्हणे.

बोटीत दोन प्रकार होते. डेक म्हणजे मोकळा मजला, आपली सतरंजी आपण अंथरायची. केबिन म्हणजे खोली, त्यात झोपायच्या जागा. केबिनचं तिकीट डेकच्या जवळजवळ तिप्पट. "आता एवढंच ठरवायचं," नाना म्हणाले, "की जास्तीचे पैसे देण्यात अर्थ आहे का."

त्या क्षणी मला सुटकेचा रस्ता दिसला. जाऊ नका असं म्हणायची गरजच नव्हती. हा प्रश्न नीट पेटता ठेवला तर मे महिना आपोआप संपेल, बोट बंद होईल आणि कुणालाच माझ्यावर बोट ठेवता येणार नाही. मी ठरवलं की नाना डेक म्हणाले की आपण केबिन म्हणायचं आणि केबिन म्हणाले की डेक. वाचनाचा मला आयुष्यात झालेला हा पहिला व्यावहारिक उपयोग. युक्तिवाद मला दोन्ही बाजूंनी करता येत होता.

गल्लीनं तर मला न मागता मदत केली. समोरचे शांतीलालजी कापडाचे व्यापारी. त्यांचं दुकान सुभाष चौकात, पण सल्ल्याची पेढी आमच्या ओट्यावर. पायजम्याचा नेफा सावरत ते बसले आणि नानांना म्हणाले, "अभिमनभाऊ, केबिन कुठं असते? बोटीच्या पोटात. उद्या बोट कलली, तर डेकवाला सरळ उडी मारणार. केबिनवाला आधी चपला शोधणार. तुम्ही तिप्पट पैसे चपला शोधायचे देताय."

"आणि उडी मारून डेकवाला जाणार कुठं?" नानांनी विचारलं.

"ते त्याचं त्यानं बघावं. मी भाव सांगतोय."

शेजारच्या कुंदाबाईंची नणंद कोकणात दिलेली, त्यामुळे समुद्राच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. त्या वाटीभर साखर न्यायला आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "तुम्ही डेक-केबिन काय घेऊन बसलात? खरा प्रश्न उतरायचा आहे. मालवणला मोठी बोट काठाला लागतच नाही म्हणे. लांब उभी राहते. भर समुद्रात होडी येते आणि बोटीतून त्या होडीत उतरायचं. होडी लाटेबरोबर वर आली की पाय टाकायचा."

"आणि खाली गेलेली असताना टाकला तर?" मी विचारलं. आवाज शक्यतो चौकशीचा ठेवला.

"नाही टाकायचा. पुढच्या लाटेची वाट बघायची," कुंदाबाई म्हणाल्या आणि साखर घेऊन गेल्या.

त्या दिवसापासून 'होडी वर आली की पाय टाकायचा' हे वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं. जेवताना, केस विंचरताना, वाचनालयात पुस्तकांवर नंबर टाकताना माझा पाय एका होडीवर टांगलेला असे. केळीवरच्या करपा रोगाच्या एका पुस्तकाला मी प्रवासवर्णनाच्या कपाटात ठेवून दिलं आणि ते दोन वाचक घेऊनही गेले. तक्रार आली नाही. वाचनालयात येणाऱ्या सगळ्या वर्तमानपत्रांतली बुडालेल्या बोटींची बातमी मी आधी काढून वाचायची. जगात कुठं ना कुठं रोज काहीतरी बुडत असतं, हे तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं.

डिसेंबरात नाना डेककडे झुकले. मी म्हटलं, "आईचं काय? तिला उघड्यावर मळमळलं तर? केबिन असलेली बरी."

आई तांदूळ निवडत होती. ती पारोळ्याकडची, आणि मनापासून बोलताना तिकडचंच बोलायची. "माले काय भेव?" ती म्हणाली. "पानी शे, वाघ नही."

पण नानांनी मुद्दा गंभीरपणे घेतला. त्यांनी रावेरला जीवराममामाला पत्र टाकलं. जीवराममामा आईचा भाऊ. रावेरला केळीचे ट्रक भरून द्यायचं त्याचं काम. तो पुढच्याच आठवड्यात आला आणि त्यानं प्रश्न मुळापासून सोडवला.

"अक्का, डेक म्हणजे काय शे? आपला ट्रकना हौदा. वर आभाय, खाले धक्का. माणूस ट्रकमा टिकना ते समुद्रमा टिकस. बठ्ठाजण रावेरले या. मी ट्रक देस. रावेर ते सावदा बशीसन देखा."

म्हणजे सगळ्यांनी रावेरला यायचं आणि त्याच्या ट्रकमध्ये सावद्यापर्यंत बसून बघायचं. आणि आम्ही खरोखर गेलो. याची मला आजही लाज वाटते. जानेवारीतल्या एका रविवारी, माझे वडील कोट घालून, आई ठेवणीतलं लुगडं नेसून आणि मी इस्त्रीची साडी नेसून केळीच्या रिकाम्या ट्रकच्या हौद्यात वाळल्या पाल्यावर बसलो. मामानं ड्रायव्हरला बजावलं होतं, "समुद्रासारखा चालव." त्या ड्रायव्हरनं समुद्र पाहिला नव्हता, पण त्याची कल्पना मोठी होती. रस्त्यातला एकही खड्डा त्यानं चुकवला नाही. जे खड्डे रस्त्याच्या कडेला होते तिथंही तो मुद्दाम गेला.

आई गाणं म्हणत होती. नाना पाल्यावर रेलून पेंगत होते. मलाही, खरं सांगायचं तर, फार छान वाटत होतं. दोन्हीकडे केळीचे हिरवेगार मळे, लांब सातपुड्याची निळी रेघ आणि पाण्याचा थेंब नाही. पण मी अशी टवटवीत उतरले असते तर डेक पक्का झाला असता. म्हणून सावदा जवळ आल्यावर मी तोंडाला पदर लावला, डोळे मिटले आणि जिवाच्या आकांतानं कण्हायला लागले. ट्रक थांबवला. सावद्याच्या चौकात केळीच्या व्यापाऱ्यांनी भोवती कोंडाळं केलं. कुणी लिंबू आणलं, कुणी डोक्यावर पाणी मारलं. एका म्हाताऱ्यानं आईला बाजूला घेऊन विचारलं, "पोरगी सासरून आली का?" आई म्हणाली, "लग्न नाही झालं अजून," आणि कोंडाळं एकदम शांत झालं. माझ्या प्रतिष्ठेचं त्या चौकात काय झालं ते लिहवत नाही.

घरी आल्यावर नाना म्हणाले, "केबिनच घ्यावी लागेल."

चार दिवस मी गप्प राहिले. पाचव्या दिवशी म्हटलं, "नाना, तिप्पट पैसे. तेवढ्यात घराला रंग होईल." आणि शांतीलालजींना ओट्यावर बोलावून चहा दिला. चपलांचा मुद्दा पुन्हा निघाला. केबिन मागे पडली.

गल्लीत माझं नाव झालं. अभिमनभाऊंची मुलगी पैशाला किती जपते, बापाला एक पैसा वायफळ घालवू देत नाही. कुंदाबाई आपल्या सुनेला माझं उदाहरण द्यायला लागल्या. ती सून त्यानंतर माझ्याशी बोलेनाशी झाली.

फेब्रुवारीत नानांनी ठरवलं की ट्रकवर भागणार नाही, खरंखुरं पाणी लागेल. मेहरूणच्या तलावात मासे धरणारा पुना भोई त्यांच्या ओळखीचा होता. रविवारी सकाळी त्याच्या नावेतून तलावात एक चक्कर मारायची, असा बेत झाला.

शनिवारी मी ताप येतो का ते तीनदा बघितलं. तब्येत ठणठणीत होती. रविवारी तलावावर गेलो तेव्हा पाहते तो आमच्या आधी अर्धी गल्ली हजर. शांतीलालजी शेंगदाणे घेऊन आले होते. नाव म्हणजे चार फळ्या आणि खूपसं डांबर. तिच्या तळाला ओंजळभर पाणी होतं आणि पुना ते डालड्याच्या डब्यानं उपसत होता, जसं काही ते रोजचंच आहे. रोजचंच होतं.

"कुणीतरी काठावर थांबायला पाहिजे," मी म्हटलं. "वेळ बघायला. शिवाय चपला सांभाळायला."

नाना आणि आई नावेत बसले. "भाऊ, मधे बसा. काठावर रेलू नका," पुना म्हणाला. नानांनी छत्री उघडली. नाव निघाली. मी हातात चपलांचे दोन जोड आणि घड्याळ घेऊन उभी. नाव लांब जाऊन बोटाएवढी झाली, तिथं वळली, परत आली, आणि काठापासून दहा-बारा हातांवर शेवाळात रुतून बसली. पुना खाली उतरला. पाणी त्याच्या गुडघ्याएवढं.

"ताई, तो बांबू द्या इकडं," त्यानं काठावर पडलेल्या बांबूकडे बोट दाखवून मला सांगितलं. "चार पावलं आत या. जमीन कडक आहे."

मी बांबू उचलला. काठावर आले. गुडघ्याएवढं पाणी होतं, पोरं त्यात म्हशी धूत होती. मी एक पाय उचलला आणि तो तिथंच राहिला. पुढेही जाईना, मागेही येईना. कानात सूं आवाज यायला लागला. लोक काय बोलत होते ते ऐकू येईना. मी किती वेळ तशी बगळ्यासारखी उभी होते ठाऊक नाही. शेवटी शांतीलालजी म्हणाले, "साडी भिजेल म्हणून संकोचतेय, मुलीची जात आहे," आणि शेंगदाण्याची पुडी ठेवून, पायजमा गुडघ्यावर दुमडून, बांबू माझ्या हातातून घेऊन स्वतः पाण्यात गेले. नाव हलली, छत्री उलटी झाली, नाना गुडघाभर चिखलात उतरले. लोक खूप हसले. आईही हसली.

नाना हसले नाहीत. चिखलात उभे राहून ते माझ्या पायांकडे बघत होते. मग वर आले, टॉवेल मागितला आणि पाय पुसत म्हणाले, "आता पुरे झाल्या चाचण्या. केबिन घेऊ."

"पण नाना, पैसे..."

"बघू. खात्याकडे मागून तर बघू."

म्हणून मार्चमध्ये आम्ही धुळ्याला गेलो. खात्याचं वरचं ऑफिस तिथं. एसटीत मी खिडकीशी बसले. एरंडोल गेलं, पारोळा गेला, नाना वेळापत्रक वाचत होते. मध्येच म्हणाले, "बोटीवरून रत्नागिरीच्या दीपगृहाचा दिवा दिसतो म्हणे." मी "हं" म्हटलं.

ऑफिसात रुपचंद सोनवणे नावाचे भाऊसाहेब हे प्रकरण बघत. शांत गृहस्थ. टेबलावर फायलींचा ढीग आणि ढिगावर डबा. त्यांनी नानांचा अर्ज दोनदा वाचला.

"मुंबई ते मालवण. अंतर?"

"वेळापत्रकात दिलंय, भाऊसाहेब."

"हे सागरी मैल आहेत. आपल्या तक्त्यात सागरी मैल नाही. किलोमीटर लागतील."

"मग गुणून घ्या."

"गुणायला आदेश लागतो." ते सहानुभूतीनं म्हणाले. "रस्त्यानं गेले असते तर मैलाचे दगड असते. समुद्रात मी काय धरू?"

एक तास समुद्राच्या लांबीवर चर्चा झाली. शेजारच्या टेबलावरचे दोघे त्यात सामील झाले. एकाचं म्हणणं, रस्त्याचं अंतर धरा आणि त्यातून घाट वजा करा. शेवटी अंतराची जागा पेन्सिलीनं भरायची असं ठरलं. मग सोनवणे केबिनवर आले.

"तुमच्या वेतनश्रेणीला डेक आहे, अभिमनभाऊ. केबिन म्हणजे वरचा वर्ग. सबळ कारण लागेल. वय, आजार, काय असेल ते. इथं रकान्यात लिहा आणि तिकीट लावा."

"रजनी," नाना म्हणाले, "खालून एक कोर्ट फीचं तिकीट घेऊन ये."

मी तिकीट घेऊन आले तोवर नानांचं लिहून झालं होतं. कागद त्यांनी पालथा घातला होता. तिकीट लावलं, कागद सोनवण्यांकडे दिला. सोनवण्यांनी तो वाचला, चष्म्यावरून एकदा माझ्याकडे बघितलं आणि फायलीत ठेवला.

"काय कारण लिहिलंत?" मी बाहेर आल्यावर विचारलं.

"वय," नाना म्हणाले. मला बरं वाटलं. सरकारी कागद धुळ्यातून परत यायला दोन महिने तरी लागणार. मे संपेल.

म्हणजे मी जिंकत आले होते. एप्रिलातल्या त्या शनिवारी गच्चीवर बिबड्यांच्या शेजारी बसून मी 'बघू' म्हणाले तेव्हा मला मनातून हलकं वाटत होतं.

पुढचे दिवस माणसांचे होते. सकाळपासून लोक बसायला येत. शांतीलालजी रोज येऊन सतरंजीच्या कडेला बसत. त्यांच्या घरून डबा येई. ज्यांना काय बोलावं सुचत नसे ते माझ्याबद्दल बोलत. "पोरीनं फार जपलं त्यांना," कुंदाबाई आलेल्या बायकांना सांगत. "सहा महिने त्या बोटीचं खूळ होतं, पण हिनं तिप्पट पैसे घालवू दिले नाहीत. आता तेच आईला कामाला येतील." बायका माझ्याकडे बघून मान हलवत. मी पाण्याचे पेले भरून आणे. आई एकदा फक्त म्हणाली, "त्याले समुद्र देखाना व्हता," आणि पदर तोंडाला लावला.

तेरावा होऊन गेला. त्यानंतर तीन दिवसांनी धुळ्याचं टपाल आलं. दोन महिने लागतील असं मी धरलं होतं, तर खात्यानं पहिल्यांदाच वेळेआधी काम केलं होतं. टंकलेखित कागद, नानांच्या नावानं.

'आपल्या अर्जात वरच्या वर्गाचे कारण पुढीलप्रमाणे नमूद आहे: मुलीस पाण्याची भीती वाटते. ती सांगत नाही. केबिनला दार असते, ते लावले म्हणजे पाणी दिसत नाही. याबाबत कळविण्यात येते की, सदर बाब मुलीने स्वतः सांगितली नसल्याचे आपल्या अर्जावरूनच दिसून येते. तरी मुलीचे स्वतःचे निवेदन जोडून या त्रुटीची पूर्तता करावी.'

मी तो कागद स्वयंपाकघरात उभ्यानं वाचला. मग बसून वाचला. आईला म्हटलं, ऑफिसचा आहे, फाईल बंद करायला जावं लागेल.

दुसऱ्या दिवशी धुळ्याला गेले. सोनवणे डबा उघडत होते. मला बघून त्यांनी तो बाजूला सारला.

"या ताई. पत्र मिळालं का? मी मुद्दाम लवकर काढलं, मेच्या आत व्हावं म्हणून. भाऊ नाही आले?"

मी सांगितलं.

ते उठून उभे राहिले. शेजारच्या टेबलांवरचे दोघेही उठले. मग सोनवणे हळूच खाली बसले, फाईल ओढून घेतली आणि तिच्यावर पेनानं काहीतरी लिहायला लागले.

"मग प्रकरण दप्तरी दाखल करतो. तुम्ही एवढ्या उन्हात कशाला आलात? पत्र टाकलं असतं तरी चाललं असतं."

"निवेदन द्यायचं आहे," मी म्हटलं.

"आता त्याची गरज नाही ताई. अर्जदारच..." ते थांबले. "सवलत मिळणार नाही आता."

"सवलत नको. तुम्ही लिहून घ्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग एक कोरा कागद घेतला, त्यावर तारीख घातली आणि पेन धरून थांबले. मी तोंड उघडलं. कानात पुन्हा सूं झालं, तळपायातून काहीतरी निघून गेलं. पाणी तर कुठंच नव्हतं. मी टेबलाची कड धरली.

"मला पाण्याची भीती वाटते," मी म्हणाले.

सोनवण्यांनी लिहिलं.

"लहानपणापासून वाटते. पैशाचा काही प्रश्न नव्हता. डेक म्हटलं की मी केबिन म्हणत होते आणि केबिन म्हटलं की डेक, म्हणजे जाणंच होऊ नये. मी सावद्याला आजारी पडल्याचं सोंग केलं. ते मला विचारत होते, मनातलं सांग, आणि मी बघू म्हणत होते."

पेन थांबलं होतं. खोलीतली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती आणि मला त्याची लाज वाटली नाही. मी मोठ्यानं, त्या गच्चीवर ऐकू जावं इतक्या मोठ्यानं, म्हणाले,

"नाना, मला भीती वाटते. मी येत नाही. तुम्ही आणि आई जाऊन या."